रंग वाळतोय

जिंतूर रोडला, जिनिंगच्या समोर आमचं गॅरेज.
पाटीवर लिहिलंय : जीप मनासारखी बनवून मिळेल.
कुणाच्या मनासारखी, ते लिहिलेलं नाही.

खाजा मिस्त्रींनी मला फोन उचलायला ठेवलं.
पहिल्याच दिवशी शिकवलं :
इंजिन आलं नसेल तर म्हणायचं, ट्रान्सपोर्टात अडकलंय.
ट्रान्सपोर्ट संपलं की लेथवाला आजारी.
आणि काहीच सुचलं नाही तर, पोरी,
रंग वाळतोय.

चौदा महिने मी रंग वाळवला.
मे महिन्यात, परभणीच्या उन्हात,
जिथं दुसरा शर्ट पिळेपर्यंत दोरीवरचा पहिला कडक होतो,
तिथं आमचा रंग ओलाच.
पलीकडची माणसं म्हणायची, बरं, बरं.
दोन लाख इसार देऊन बसलेला माणूस
दुसरं काय म्हणणार.

वही माझ्याकडंच होती, म्हणून ठाऊक :
नव्या गिऱ्हाइकाच्या इसारातून जुन्याचा गिअरबॉक्स,
त्याहून नव्याच्या इसारातून नव्याचे टायर,
आणि मध्येच मिस्त्रींच्या धाकटीचं लग्न.
चोरी म्हणवत नव्हतं.
पण बेरीज करायला बसले की
मी पंखा बंद करायचे, पानं उलटू नयेत म्हणून,
आणि तरी घाम यायचा तो उन्हाचा नसायचा.

मग गुट्टेबाई आल्या. फोन न करता.
भूमी अभिलेखातून रिटायर,
अर्ध्या तालुक्याच्या बांधावर साखळी टाकलेली बाई.
लिलावात निघालेली सरकारी जीप त्यांनीच घेतली होती.
"तीस वर्षं हिच्यात मागं बसले, काठ्या मांडीवर घेऊन.
आता मी चालवणार.
अन् पायरी खाली पाहिजे, गुडघा वर जात नाही."

"वाळला का रंग?"
मिस्त्री वसमतला गेलेले.
मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही.
मी त्यांना शेडमागं नेलं.

चार ठोकळ्यांवर उघडी चासी.
तिच्याखाली, गोणपाटावर, मांजरीची तीन पिल्लं.
रंग लावायला पत्राच नव्हता.

ओरडतील म्हणून मी भिंतीला टेकून उभी.
त्यांनी पिशवीतून टेप काढला.
चासी मोजली, पुढून मागं, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात.
दोन सूत फरक निघाला.
खडूनं लोखंडावर आकडा लिहिला, तारीख लिहिली,
खाली सही केली, पंचनाम्यासारखी.
"पिल्लं मोठी झाली की हलवा," एवढंच बोलल्या.

दर दुसऱ्या शनिवारी टेप, खडू, सही.
मिस्त्री तापले. "हमारेपे भरोसा नै क्या, बाई?"
"हाय म्हणून तर मोजायले, मिस्त्री.
नसता तर पैसे मागितले असते."
त्या रात्री त्यांनी तारखा ओल्या फडक्यानं पुसल्या.
सकाळी स्वतःच, आठवत आठवत, परत लिहिल्या.
एक चुकली. मी दुरुस्त केली नाही.

दिवाळीनंतर जीप गेली. पायरी गुडघ्याच्या मापाची.
दार मात्र अजून दोनदा ओढावं लागतं ;
बाईंनी शेवटचे चार हजार त्यासाठी अडकवून ठेवलेत,
आणि ते बरोबरच आहे.

बाकी गोड झालं असं नाही.
मी खरं सांगायला लागल्यावर तिघांनी इसार परत मागितला.
परत द्यायला तो होता कुठं?
वेल्डिंगचं नवं मशीन विकलं.
माझा दोन महिने पगार नाही.
"दुकान बसवलंस, पोरी," मिस्त्री म्हणाले.
बसवलं म्हणजे बुडवलं की मांडलं,
मी विचारलं नाही.

काल नांदेडहून फोन. लाल जीपवाले.
मी म्हणाले, रंग वाळत नाहीये दादा,
पत्राच कापलेला नाही अजून.
पलीकडं गप्प.
मागं कुठंतरी कुकरची शिट्टी. आणखी एक.
मग म्हणाले, "बरं.
आता खरी तारीख सांगा."

मी खडू शोधायला लागले.